हिरव्या दिव्याचा मासा

मासा नासला होता. खोक्याचे झाकण उघडण्याचीसुद्धा गरज नव्हती. ओडलाइफने ट्रकचे मागचे दार उघडले, आतली कोंदट हवा अंगावर आली आणि तोरुनची सकाळची कॉफी घशाशी आली. आधी नवसागरासारखा नाकात झोंबणारा दर्प, आणि त्याच्या मागून एक गोडसर, चिकट वास, जो एकदा नाकात शिरला की दिवसभर बाहेर पडत नाही. तिने कोपराने नाक दाबले आणि दुसऱ्या हातातला टॅब्लेट वर धरला. पडद्यावर हिरवा दिवा होता. कॉड, चोवीस खोकी, प्रवासभर दोन अंश, स्वीकारण्यास योग्य.

"काय आणलंस रे हे?" तिने विचारले.

"मासे," ओडलाइफ म्हणाला.

"मासे होते. आता काय आहे ते विचारतेय."

"मी ड्रायव्हर आहे, तोरुन. मला काही वास येत नाही."

"वास येत नाही तर तिकडे वाऱ्याच्या बाजूला कशाला जाऊन उभा राहिलास?"

वीस वर्षे ओडलाइफ या किनाऱ्यावर गाडी चालवत होता, आणि गडी तसा वाईट नव्हता. त्याने फक्त टोपी काढली, आत बघितले आणि पुन्हा घातली. "फेरीबोट बंद पडली होती काल," तो म्हणाला. "अकरा तास रांगेत होतो. वर हे ऊन. जुलैत असं ऊन मी जन्मात पाहिलं नाही. संध्याकाळी पलीकडे आलो, स्कारहोल्मच्या स्वयंपाकघराची खोकी उतरवली आणि सक्तीची विश्रांती घेतली. नियम आहे. पण यंत्र चालू होतं हं! थंडीचं यंत्र एक क्षण बंद नव्हतं."

तोरुनने पहिले खोके पुढे ओढले. बर्फाचे पाणी झाले होते आणि पाण्याचा रंग चहासारखा. तिने एका माशाचा कल्ला अंगठ्याने उचलला. जिथे लालभडक असायला हवे तिथे तपकिरी, तारा सुटणारा बुळबुळीत लगदा होता. डोळे आत गेलेले. पोटावर बोट दाबले तर खड्डा तसाच राहिला. तिने हातमोजा उलटा करून फेकला, पण शिसारी काही हातमोज्याबरोबर गेली नाही.

सव्वीस वर्षे हेल्लवोग नगरपालिकेच्या स्वयंपाकघरात माल उतरवून घेण्याचे काम तिचे होते. तिथून तीन वृद्धाश्रमांना जेवण जायचे, रोज बासष्ट ताटे, बरोबर एक वाजता. पूर्वी पद्धत सोपी होती. कल्ला उचलायचा, वास घ्यायचा, अंगठा दाबायचा आणि सही करायची. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मग दोन वर्षांपूर्वी साखळी आली, आणि आरसा एवढा मोठा निघाला की कांकण बघायला कुणाला फुरसतच उरली नाही.

साखळी म्हणजे ब्लॉकचेन. किनाऱ्यावरचे लोक नुसते साखळीच म्हणतात. प्रत्येक खोक्यावर काडेपेटीएवढा सेन्सर असतो, तो थंडी मोजतो आणि मोबाइलच्या जाळ्यातून वहीत नोंद पाठवतो. ही वही एका ठिकाणी नसते. मासेवाल्यांकडे, वाहतूकदारांकडे, किनाऱ्यावरच्या सगळ्या स्वयंपाकघरांत तिची एकेक प्रत असते, म्हणून तिच्यातली ओळ कुणालाही एकट्याने खोडता येत नाही. इथपर्यंत कल्पना चांगलीच होती आणि तोरुनने पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या होत्या. वहीत तिची स्वतःची किल्ली होती, अंगठ्याएवढी, गळ्यात अडकवायची. टॅब्लेटला लावली की तिची सही उठायची. माल घेतला, सही. जेवण वाढले, सही. किती ताटे वाढली आणि किती खाल्ली गेली हेसुद्धा लिहायचे, कारण अन्न वाया जाऊ नये ही नगरपालिकेचा सेवाप्रमुख आस्गेर याची लाडकी मोहीम होती. अर्ध्याहून जास्त जेवण परत आले तर तोच माल मिळालेल्या सगळ्यांना ताबडतोब सूचना जावी, हा नियम आस्गेरने स्वतः भांडून घालून घेतला होता. त्यावर त्याने तीन भाषणे केली होती.

आणि मग गेल्या शरद ऋतूत सेई नावाचा मासा आला. दिवा हिरवा, वास बरा नव्हता. 'बरा नव्हता' एवढेच. तोरुन खोक्यापाशी दहा मिनिटे उभी राहिली, दिव्याकडे बघितले, स्वतःच्या नाकाकडे बघता येत नाही म्हणून पुन्हा दिव्याकडे बघितले आणि सही केली. अकरा म्हातारे आजारी पडले. त्यांतला पेडर नव्वद वर्षांचा होता. लहानपणी धक्क्यावर तिला मासा पारखायला शिकवलेला जुना कोळी. परिचारिकेने नंतर सांगितले, त्याने पहिल्या घासालाच तोंड वाकडे केले होते, पण म्हणाला, "तोरुनने पाठवलंय ना, मग चांगलंच असणार," आणि ताट पुसून खाल्ले. नवव्या दिवशी तो गेला. चौकशी झाली. साखळीत दोन अंश होते, म्हणजे मासा चांगला होता, म्हणजे पोटाची साथ असणार. सगळ्यांचे एकमत झाले. तोरुन त्या बैठकीत बसली होती आणि तिनेही मान हलवली होती. त्या हललेल्या मानेची तिला अजून किळस यायची. आरशासमोर केस विंचरतानासुद्धा.

त्यानंतर वसंतात तिने दोनदा माल परत पाठवला. दोन्ही वेळा दिवा हिरवा होता, म्हणून दोन्ही वेळा तिच्या नावापुढे नोंद झाली: आधाराविना नकार. अशा तीन नोंदी झाल्या की किल्ली काढून घेतात. मग सही आस्गेर करणार, वरच्या मजल्यावर बसून, दिवा बघून.

म्हणजे आज तिसरी वेळ होती.

ती ट्रकमध्ये चढली. तोंडाने श्वास घेतला तर वास जिभेवर बसत होता, म्हणून तिने तसाच नाकाने घेतला. मागच्या चार खोक्यांवर सेन्सर चिकटवलेले दिसले. त्यांपैकी एकावर तिने टॅब्लेट टेकवला. तेरा अंश. दुसऱ्यावर चौदा. मधल्या आणि पुढच्या खोक्यांवर सेन्सर नव्हतेच. ती मोबाइलचा दिवा लावून पार पुढे गेली. तिथे थंड हवेच्या झोताच्या बरोबर तोंडाशी एक खिळा होता आणि खिळ्याला कांद्याची नारिंगी जाळीची पिशवी टांगलेली होती. पिशवीत वीस सेन्सर होते. छान गारेगार.

"ओडलाइफ!" ती आतूनच ओरडली. "हे काय आहे?"

"सेन्सर," तो बाहेरून म्हणाला.

"ते दिसतंय. पिशवीत का?"

"ओल्या खोक्यांवर टिकत नाहीत गं ते. गळून पडतात, पायाखाली येतात, मग परतीला मोजताना कमी भरले की आमच्या नावाने शंख. म्हणून पॅकिंगवाले चार मागे लावतात, दाखवायला, आणि बाकीचे जाळीत टाकतात. पहिल्या आठवड्यापासून असंच आहे."

"पहिल्या आठवड्यापासून?"

"सगळ्याच गाड्यांत. उतरवताना सेन्सर आम्हीच काढून घेतो ना. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

दोन वर्षे. म्हणजे पेडरच्या ताटातला मासासुद्धा कांद्याच्या पिशवीने पास केलेला. तोरुन ट्रकमधून उतरली, भिंतीला हात टेकला आणि गटारात ओकली. ओडलाइफने आपली पाण्याची बाटली पुढे केली. तिने चूळ भरली, पिशवी उचलली आणि वरच्या मजल्याचा जिना धरला.

वर तिघे बसले होते. पुढच्या आठवड्यात सहा नगरपालिकांचे लोक साखळी बघायला येणार होते, त्याची तयारी चालली होती. एक आस्गेर. दुसरी गुडवेग, तिन्ही वृद्धाश्रमांची प्रमुख, जिचा आवाज इतका मऊ की वाईट बातमीसुद्धा पांघरुणासारखी वाटायची. तिसरा सिव्हर्ट, साखळी बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, ट्रॉनहेमहून आलेला. टेबलावर कॉफीचा थर्मास होता. तोरुनने थर्मासच्या शेजारी पिशवी ठेवली.

"मासा नासलाय," ती म्हणाली. "आणि तुमचे सेन्सर खोक्यांवर नाहीत, पंख्यासमोर कांद्याच्या पिशवीत आहेत. मागच्या खोक्यांत तेरा-चौदा अंश आहेत, मी स्वतः मोजले."

सिव्हर्टने पिशवी उचलली. चांगला शिकलेला, नीटनेटका माणूस. पण ट्रक त्याने बहुधा चित्रातच पाहिला असावा. "पण मग ते चार..." तो म्हणाला आणि थांबला.

"बोल ना. त्या चारांनी सांगितलेलं वहीत का नाही?"

"प्रत्येक सेन्सरने दर दहा मिनिटांनी स्वतंत्र नोंद केली तर बॅटरी दोन दिवसांत संपते," तो खाली बघत म्हणाला. "शिवाय फेरीबोटीवर, बोगद्यात नेटवर्क नसतं. म्हणून ते आधी गाडीतच आपापसांत ठरवतात. बहुसंख्य जे म्हणतील त्याची एकच ओळ वहीत जाते. जो वेगळं सांगतो तो बिघडलेला धरतात. तीनदा वेगळं सांगितलं तर प्रवास संपेपर्यंत त्याला गप्प करतात."

"आणि त्याने सांगितलेलं? ते कुठे राहतं?"

"टाकून देतो. जागा वाचते." मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "त्या कामाबद्दल आम्हाला बक्षीस मिळालंय."

पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना, इथे चोवीसांपैकी वीस मुखे एकाच खिळ्याला टांगलेली होती. परमेश्वर तरी काय करणार?

आस्गेर हसला. तो रागावला की हसायचा. या देशात वरिष्ठाला अरेतुरे करतात आणि वरिष्ठही खांद्यावर हात ठेवून बोलतो, त्यामुळे अपमानसुद्धा मोठ्या प्रेमाने करता येतो. "तोरुन, तोरुन," तो म्हणाला. "तुझी कळकळ आम्हाला कळते. पिशवीचं आपण पत्र लिहू. पण आजच्या मालाचं बघ. वहीत दोन अंश आहेत. तू टॅब्लेट टेकवून जे बघितलंस ते वहीत नाही."

"मासा खाली आहे. वास घेऊन ये."

"माझं नाक म्हणजे काही पुरावा नाही. तुझंही नाही. उगीच व्यक्तिगत पातळीवर नको न्यायला."

"नमुना पाठव तपासायला."

"पाठवतोच. पाच दिवसांत कळेल."

"आणि जेवण एक वाजता आहे!"

गुडवेगने तिच्या हातावर हात ठेवला. "नीट उकळलं की सगळं मरतं गं. आणि वरून करीचा सॉस घातला तर... आमच्या माणसांना तसाही फारसा वास येत नाही. वयच तसं आहे ना."

तोरुनने हात काढून घेतला. मऊ, स्वच्छ, क्रीम लावलेला हात होता तो, आणि खालच्या कल्ल्यापेक्षा तिला त्याची जास्त घाण वाटली. ट्रकमधला मासा निदान नासल्याचे लपवत तरी नव्हता.

"तेव्हा आपलं एकमत आहे," आस्गेर म्हणाला. एकमताशिवाय त्याने आयुष्यात एकही बैठक संपवली नव्हती. "सिव्हर्ट?"

सिव्हर्टने पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "तांत्रिकदृष्ट्या वहीत काही खोट नाही," तो म्हणाला.

"गुडवेग?"

"मला वाटतं, आपण व्यवस्थेवर विश्वास ठेवायला हवा."

"झालं तर मग. तोरुन, साडेअकरापर्यंत सही कर. नाही केलीस तर तिसरी नोंद होईल, किल्ली मला दे, मी करतो. तू दमली आहेस. सुट्टी घे, डोंगरातल्या घरी जा, ब्लूबेरी वेच."

तोरुनने तिघांकडे बघितले. शरद ऋतूतल्या बैठकीतही हेच चेहरे होते, असेच समजूतदार. फरक एवढाच की तेव्हा चौथी मान तिची होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "साडेअकराला किल्ली देते. पण आज इथे जेवा. आश्रमात जे जाणार तेच वाढते. बैठक उपाशीपोटी संपवू नये."

"हे बघ, किती छान!" आस्गेर म्हणाला.

खाली येऊन तिने पहिल्यांदा दुसऱ्या चुलीवर मोठे पातेले चढवले, त्यात बटाटे घातले आणि शीतघरातून अंड्यांचे ट्रे बाहेर काढले. मग नवे हातमोजे घालून मागच्या खोक्यातला एक कॉड उचलला. मऊ पडलेले मांस सुरीला चिकटत होते. तिने त्याचे तीन तुकडे केले, मिठाच्या पाण्यात सोडले आणि नियमाप्रमाणे पूर्ण शिजेपर्यंत उकळले, अगदी बासष्टांसाठी उकळले असते तसे. लोकांना वाटते उकळल्यावर वास मरतो. मरत नाही, फुलतो. तिची मदतनीस न बोलता अंगणात निघून गेली. तोरुनने तुकडे तीन ताटांत ठेवले, शेजारी बटाटा, गाजर, वर वितळलेले लोणी आणि शेपूची काडी. ताट सुंदर दिसत होते. वर झाकणे ठेवली, टॅब्लेट काखेत मारला आणि गळ्यातली किल्ली चाचपली.

सव्वाअकराला तिने वरच्या टेबलावर तीन ताटे मांडली आणि तिन्ही झाकणे एकदम उचलली.

कुणी काही बोलले नाही. वास मात्र बोलला. तो टेबलावरून सरकत थर्मासपर्यंत, खिडकीपर्यंत, पुढच्या आठवड्याच्या पाहुण्यांसाठी छापलेल्या चकचकीत कागदांपर्यंत गेला. गुडवेगने रुमाल काढला आणि नाकापाशी नेता नेता थांबवला.

"बसा ना," तोरुन म्हणाली. "गार होतंय."

"मी... सकाळी भरपेट खाल्लंय," आस्गेर म्हणाला. त्याचा हात आपोआप बॅगेकडे गेला. बॅगेत मेणकागदात बांधलेला पाव होता, तपकिरी चीज लावलेला, रोजच्यासारखा.

"भरपेट खाल्लंस तर पावाला कशाला हात घालतोस?"

"मला मासा सोसत नाही हल्ली," गुडवेग म्हणाली.

"तीन आठवड्यांपूर्वी उन्हाळी सणाच्या शेकोटीच्या रात्री धक्क्यावर दोन मॅकरेल खाल्लेस. मीच भाजून दिले होते."

सिव्हर्ट एकटाच खुर्चीवर बसला. त्याने काटा उचलला आणि एक तुकडा तोडला. पांढरा तुकडा काट्यावर थरथरला, त्यातून करडे पाणी ताटात गळले. त्याने तो तोंडापर्यंत नेला. तोरुनला एक क्षण वाटले, हा बावळट खरंच खाणार, आणि तिने हात पुढे केला. पण काटा खणकन ताटात पडला आणि सिव्हर्ट तोंड दाबून खिडकीकडे धावला.

"खिडकी उघडीच ठेव," तोरुन म्हणाली.

"हे फार झालं," आस्गेर म्हणाला. आता तो हसत नव्हता. "हा काय पोरकटपणा आहे? तू कुजका मासा आमच्यापुढे ठेवतेस?"

"कुजका?" तोरुनने विचारले. "वहीत तर दोन अंश आहेत. तुमचं तिघांचं एकमत होतं."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकराला पाच मिनिटे होती.

"एक वाजता हाच बासष्ट जणांपुढे ठेवायचा होता ना?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो चढू दिला. "त्यांना वास येत नाही म्हणे! पेडरला आला होता. त्याने माझ्या नावावर विश्वास ठेवून खाल्ला. मी दिव्यावर ठेवला, दिव्याने पिशवीवर ठेवला. किळस येते मला तुमची. माझीही येते, पण मी निदान ओकून तरी आले."

"किल्ली दे," आस्गेर म्हणाला आणि हात पुढे केला.

"देते. जेवण वाढलंय, त्याची नोंद राहिलीय."

तिने किल्ली टॅब्लेटला लावली. रोज भरायचा तोच तक्ता उघडला. माल: कॉड, हीच खेप. वाढलेली ताटे: तीन. खाल्लेली ताटे: शून्य. शेरा. शेऱ्याला एकच ओळ मिळते, जागा वाचावी म्हणून. तिने लिहिले: आस्गेर, गुडवेग, सिव्हर्ट यांना वाढला, कुणी खाऊ शकले नाही. सही. मग तिने गळ्यातून किल्ली काढली आणि आस्गेरच्या तळहातावर ठेवली.

त्याच क्षणी टेबलावरचे तीन मोबाइल एकापाठोपाठ किणकिणले. अर्ध्याहून जास्त जेवण परत, हीच खेप मिळालेल्या सर्वांना सूचना. आस्गेरने आपला मोबाइल उचलला, वाचला आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "नावं घातलीस? हे सगळ्या किनाऱ्यावर गेलं? सिव्हर्ट! हे काढ. आत्ताच्या आत्ता काढ."

सिव्हर्ट खिडकीशी तोंड पुसत उभा होता. "काढता येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे काय, काढता येत नाही?"

"कुणालाच येत नाही. तेच तर आम्ही तुम्हाला विकलं."

आस्गेर खाली बसला, नेमका ताटासमोर, आणि पुन्हा उठला. गुडवेगने दोन बोटांनी झाकण उचलून ताटावर ठेवले. तोरुन टॅब्लेट मिटणार तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ उमटली. स्कारहोल्मच्या स्वयंपाकघरातून होती, खाली तिच्यासारख्याच कुणा बाईची सही. तोरुनने ती एकदा वाचली आणि टॅब्लेट वळवून टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

आमच्याकडेही वास होता. दिवा हिरवा होता, म्हणून वाटले आमचेच नाक बिघडले. काल संध्याकाळी वाढला. एकोणीस ताटे. सगळ्यांनी खाल्ला.

सिव्हर्ट हळूच खाली बसला आणि त्याने तोंड हातांनी झाकले.

"स्कारहोल्मच्या डॉक्टरला फोन लाव," तोरुन गुडवेगला म्हणाली. "मऊ आवाजात नको सांगूस. ओरडून सांग." मग ती खाली गेली, कारण बटाटे उकळायला लागले होते आणि अजून बासष्ट अंडी सोलायची होती.